सतरा नंबरचा हात

"बाई, मी मारलं नाही. हात लागला."

"हात लागला? त्याचा चष्मा खिडकीबाहेर गेलाय, सतरा नंबर. शिपाई खाली शोधतोय."

"चष्मा हलका असतो हो. वाऱ्यानंही जातो."

वर्ग फिस्सकन हसला. ज्याचा चष्मा गेला तो गाल धरून पहिल्या बाकावर बसला होता. हात काढला तेव्हा गालावर बोटं उठलेली सगळ्यांना दिसली. तीन सरळ आणि मधलं एक विळ्यासारखं वाकडं.

"तो काय करत होता ते विचारा ना," सतरा नंबर म्हणाली. "मी पेन दाखवून 'व्हॉट इज धिस' विचारतेय आणि हा माझ्याकडे बघून जीभ काढतोय. घोड्याएवढा झालाय, मिशा आल्यात."

"त्याच्या चिठ्ठीत तेच लिहिलं होतं." बाईंनी डब्यातली चिठ्ठी उलगडून दाखवली. वाकुल्या दाखवणारं मूल. "ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी एकाचा कान पिळलास, रक्त आलं. तिसऱ्यांदा हात उठला की नाव कापीन. मग रडत येऊ नकोस."

"मी नाही रडत," ती म्हणाली. ते मात्र खरं होतं.

मास्तर घडवायची ती शाळा म्हणजे जिना चढून वर गेलं की दोन खोल्या. चोवीस शिकाऊ, एक शिपाई आणि इंग्रजीच्या बाई. बाई कुणाला नावानं हाक मारायच्या नाहीत, हजेरीचा नंबर घ्यायच्या. गळ्यात दोरीला घड्याळ, पाठ सुरू झाला की कळ दाबायच्या. एकानं मास्तर व्हायचं, बाकीच्यांनी पहिलीतली पोरं. पोरं म्हणून बसताना पत्र्याच्या डब्यातून प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची आणि कुणाला दाखवायची नाही. एखादीत रडकं मूल, एखादीत चिमटे काढणारं, एखादीत सारखं शू लागणारं, एखादीत ऐकूनही न हलणारं. पाठ संपेपर्यंत चिठ्ठीतलं मूल होऊन बसायचं. आणि एक पक्का नियम, पाठ चालू असताना आपल्या भाषेतला एक शब्द तोंडातून निघता कामा नये. मास्तराच्याही नाही, पोरांच्याही नाही. निघाला की गुण गेले.

"खऱ्या वर्गात चिठ्ठ्या देव टाकतो," बाई म्हणायच्या. "इथे मी टाकते."

सतरा नंबरला बाकीची वीस-बावीस वर्षांची पोरं 'काकू' म्हणायची. तिचं वय अडतीस. सकाळी कोंबडीचं दुकान आणि दुपारी शाळा. उजाडताच ती ठोकळ्यासमोर उभी राहायची. पिंजऱ्यातून कोंबडी ओढायची, मान धरायची, सुरी फिरवायची, पिंपात टाकायची. पिंपात धडपड चालू असतानाच पुढची हातात. दुपारपर्यंत चाळीस-पन्नास होऊन जायच्या. मग साबणानं कोपरापर्यंत हात घासायची, साडी बदलायची आणि वही काखेत मारून निघायची. तरी नखांच्या कडेला लाल राहायचंच. शेजारी बसणारी पोरं पहिले आठ दिवस नाक मुरडत होती, मग सवय झाली.

मधलं बोट वाकडं झालं ते दहाव्या वर्षी. इंग्रजीचा मास्तर फूटपट्टी आडवी नाही, उभी मारायचा, धारेनं. एक दिवस तिला उत्तर आलं नाही. हात बाकावर ठेवायला लावला आणि पट्टी अशी हाणली की बोटाचं हाड मोडलं. बोटाला चिंधी बांधून घरी आली. लिहिता येईना म्हणून शाळा सुटली आणि शाळा सुटली म्हणून घरचं काम लागलं, ते अठराव्या वर्षी लग्न होईपर्यंत सुटलं नाही. लग्न झालं कोंबडीवाल्याशी. त्याचा हात मास्तराच्या वर. पहिली दोन वर्षं तिनं मार खाल्ला, तिसऱ्या वर्षी दिला. गल्लीतले लोक अजून सांगतात, दुकान उघडं, गिऱ्हाईक उभं, नवरा ठोकळ्यावर पालथा आणि ही त्याच्या पाठीवर गुडघा ठेवून सुरी हातात घेऊन विचारतेय, "बोल, मानेकडून सुरू करू की तंगडीकडून?" गिऱ्हाईक पळालं. नवऱ्यानं पुन्हा हात उचलला नाही. पुढे तो तापानं गेला. दुकान आणि सासू, दोन्ही तिच्याकडे राहिली.

मग तिनं रिकाम्या वेळात पुस्तकं धरली. एकेक यत्ता बाहेरून बसून पास झाली. सासू तराजूमागे बसून म्हणायची, "काय गं बये, म्हातारपणी कशाला हे खूळ?"

"आत्याबाई, तो मास्तर ज्या खुर्चीत बसायचा ना, तसल्या खुर्चीत मला बसायचंय."

"बसून काय करणार?"

"काही नाही. बसणार."

तिला हवी होती ती एवढीच गोष्ट. आणि आड येत होता तिचाच हात. पंधरा-वीस वर्षं ज्या हातानं विचार न करता मान धरली तो हात डोक्याला विचारत नाही. डोकं सांगेपर्यंत काम उरकलेलं असतं.

तोड काढली ती चष्मेवाल्यानंच. गालाची सूज उतरल्यावर जवळ येऊन म्हणाला, पण एक हात अंतर ठेवून, "काकू, पाठ घेताना उजव्या मुठीत खडू धरून ठेवा. मूठ आवळली की खडू मोडेल, आवाज येईल, तेवढ्यानं तुम्ही भानावर याल."

"आणि नाही आले तर?"

"मी मागच्या बाकावर बसेन."

खडूनं काम केलं. चार पाठ झाले, सात खडू मोडले, माणूस एकही नाही. उरला शेवटचा पाठ. तो पास झाला की सही-शिक्क्याचा कागद हातात.

त्या दिवशी उकाडा असा की बाकं चिकटत होती. तिचा पाठ होता 'हँड्स अप, हँड्स डाऊन'. आपण करून दाखवायचं, मग पोरांकडून करून घ्यायचं. बाईंनी घड्याळाची कळ दाबली.

"स्टँड अप!" सगळे उभे राहिले. "सिट डाऊन!" एकजण बसलाच नाही, त्याची चिठ्ठी तशी असणार. तिनं खडू आवळला, हसून जवळ गेली, खांद्यावर दोन बोटं टेकवून बसवला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. चांगलंच लिहिलं असणार, कारण भुवया खाली होत्या.

"हँड्स अप!"

तेवीस जोड्या वर गेल्या असत्या, गेल्या बावीसच. तिसऱ्या बाकावरची चिमणी एकच हात वर करून बसली होती. चिमणी हे नाव वर्गानं दिलेलं, कारण बोलली तर कानाजवळ तोंड आणावं लागे. एवढ्या उकाड्यात तिनं मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा घातला होता. डावा हात मांडीवर.

"बोथ हँड्स. अप!"

चिमणीनं मान हलवली. "नो, मॅडम."

वर्गात खसखस पिकली. ऐकूनही न हलणारं मूल. काकूनं पुन्हा स्वतःचे दोन्ही हात वर करून दाखवले. "लाइक धिस. अप!"

"नो, मॅडम. नो. प्लीज." चिमणीच्या डोळ्यांत पाणी. एवढा हुबेहूब अभिनय कुणी केला नव्हता. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "ब्राव्हो."

घड्याळ चालू होतं. काकू बाकाशी गेली. मारायचं नव्हतंच तिच्या मनात. मुलाला हात वर करायला मदत करावी असं बाईंनीच शिकवलेलं. तिनं खडू डाव्या हातात घेतला आणि उजव्यानं चिमणीचं मनगट धरून हात झटकन वर खेचला.

चिमणी किंचाळली. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चालू असताना काकूच्या बोटांना ते लागलं. बाहीच्या आत हाडाचं एक टोक दुसऱ्यावर करकरलं. तिच्या हातानं हे रोज ऐकलेलं होतं, पण मेलेल्या हाडाचं. तिनं हात असा सोडला जसा विस्तव.

"थांबवा ओ!" ती आपल्या भाषेत ओरडली. "टाळ्या थांबवा मेल्यांनो! हात मोडलाय हिचा!"

बाईंनी कळ दाबून घड्याळ थांबवलं. चिमणी बाकावर डोकं टेकून गुरासारखी हंबरत होती. काकूनं तिची बाही खालून वर फाडली. हात कोपराच्या खाली सुजून भोपळा झालेला, कातडी ताणून चमकत होती. दंडावर चार बोटांचे काळेनिळे वळ.

"सतरा नंबर," बाईंचा आवाज गार होता. "तिसरी वेळ."

"बाई, हे आत्ताचं नाही. हे कालचं आहे. आत्ता मोडलेलं हाड एवढं सुजत नाही, रंग धरत नाही. मी आज ओढलं ते खरं, पण मोडलं कुणी दुसऱ्यानं."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला हाडातलंच कळतं, बाई. दुसरं काय कळतं?"

बाई चिमणीजवळ वाकल्या. "कुणी केलं हे? सांग."

चिमणीनं वर पाहिलं नाही. ओठ पांढरे पडले होते. बोट मात्र उचललं आणि काकूकडे केलं. "ह्यांनी ओढला."

शिपाई चिमणीला दवाखान्यात घेऊन गेला. बाईंनी वही मिटली. "उद्या बारा वाजता तिच्या घरचं माणूस बोलावते. तू यायचंस. ते काय म्हणतात त्यावर ठरेल, तुझा पाठ पूर्ण करून घ्यायचा की नाव कापायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूनं सासूला सगळं सांगितलं. सासूनं वजनं पुसता पुसता विचारलं, "आणि ती पोर खोटं का बोलली?"

"घरी परत जायचंय ना तिला."

"हं. पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

"झाकणाऱ्याच्या हातात सुरी असली तर राहतं, आत्याबाई."

बाराला चिमणीचा थोरला भाऊ आला. आईबाप नव्हते, घर त्याचंच. मोटारसायकली दुरुस्त करायचा, कामावरूनच आला होता, हातभर लांब पाना मागच्या खिशात. चिमणी त्याच्या मागे, डावा हात पांढऱ्या प्लॅस्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. वर्ग बाकांवर बसलेला. काकू फळ्याजवळ उभी, उजव्या मुठीत खडू.

"कोण ती कोंबडीवाली?" भावानं विचारलं. "हीच का? बहिणीला माझ्या शिकायला पाठवतो की कापायला? हात मोडला पोरीचा! पोलिसात देतो तुला."

"दे," काकू म्हणाली. "आधी एक बघ. बाई, तुम्हीही या." ती चिमणीजवळ गेली आणि बाही प्लॅस्टरच्या वर सरकवली. दंडावरचे वळ आज हिरवट झाले होते. "मी काल मनगट धरलं. सगळ्यांनी पाहिलंय. हे वळ दंडावर आहेत. आणि मोजा. चार. चारही सरळ."

तिनं खडू डाव्या हातात घेतला आणि आपला उजवा पंजा वळांच्या वर, न टेकवता, धरला. मधलं बोट विळ्यासारखं बाजूला गेलं.

बाकावरून चष्मेवाला उठला. "बाई, काकूंचा पंजा मी ओळखतो. माझ्या गालावर आठ दिवस मुक्कामाला होता. तो सरळ उठत नाही."

हसू यायला नको होतं, पण दोघं-तिघं हसलेच. बाईंनी वळांकडे पाहिलं, काकूच्या बोटाकडे पाहिलं, मग भावाकडे. "तुमचा हात जरा ठेवता का इथे?"

"माझा? माझा कशाला?"

"ठेवा ना. सरळ असेल तर काय भीती?"

भावाचं तोंड लाल झालं. ज्याचं झाकण उडतं तो आधी ओरडतो. "घरात काय चालतं ते बाहेर दाखवायला आणली का हिला? भाकरी मी घालतो! चिमटीत धरीन नाहीतर मुठीत!" एवढं बोलून गेला आणि काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं.

बाई काकूकडे वळल्या. "सतरा नंबर, उद्या अकराला तुझा पाठ. जिथे थांबवलं तिथून पुढे."

काकूनं श्वास सोडला. संपलं होतं. खुर्ची तिची होती.

पण भाऊ संपला नव्हता. त्यानं बहिणीला मानेला धरून दाराकडे ढकललं. शिपाई आडवा आला, म्हातारा माणूस, नुसतं "अहो, सबुरी" म्हणाला. भावानं पाना काढून त्याच्या कपाळावर हाणला. शिपाई दारातच बसला, रक्त भुवईवरून शर्टावर टपटपू लागलं. पोरं बाकांवरून उठली आणि भिंतीला लागली. काकू पुढे झाली तशी दुसरा घाव तिच्या खांद्यावर आला. हाड वाजलं. तिसरा कानाच्या वर. डोळ्यांपुढे काळं झालं, तरी ती उभी राहिली. मुठीतला खडू शाबूत.

"हात नाही उचलायचा, सतरा!" बाई ओरडल्या. "पोलीस बोलावते, हात नाही उचलायचा!"

"नाही उचलत, बाई," ती म्हणाली. तोंडात रक्त होतं, म्हणून शब्द जड निघाले.

भाऊ तिच्याकडे बघून हसला. तिला मारता येत नाही असं वाटलं असेल त्याला. मग त्यानं वळून चिमणीचा प्लॅस्टरचा हात धरला आणि बैलाची वेसण ओढावी तसा ओढला. चिमणी कालच्यासारखीच किंचाळली.

खडू मोडला. आवाज सगळ्यांनी ऐकला. तिनंही ऐकला, ती भानावरही आली. आणि भानावर येऊन, नीट विचार करून, तिनं त्याचं पान्याचं मनगट धरलं, दंड बाईंच्या टेबलाच्या कडेवर आडवा टाकला, कोपर बरोबर कडेच्या बाहेर येईल असा, आणि अंगाचा सगळा भार खाली दिला. सांधा कुठे असतो ते तिला शोधावं लागत नाही. टक् झालं. पाना फरशीवर पडला. भाऊ लहान मुलासारखा रडायला लागला.

"आता ठेव हात," ती म्हणाली. "वळ मोजू."

पोलीस आले, शिपायाच्या डोक्याला सहा टाके पडले, भावाला गाडीत घालून नेलं. सगळ्यांच्या जबान्या झाल्या. काकूवर खटला झाला नाही, आधी पाना चालला ते तेवीस जणांनी पाहिलं होतं. चिमणी जिन्यात बसली होती. काकू शेजारून उतरताना ती म्हणाली, आणि या वेळी कान जवळ न्यावा लागला नाही, "कशाला मोडलात? आता त्याला भरवायचं कुणी? मलाच ना?"

"उजवाच मोडलाय," काकू म्हणाली. "निदान मारणार तरी कशानं?"

बाई वर एकट्या होत्या. हजेरीचं पुस्तक उघडं. "बस."

"उभीच बरी."

"तू केलंस ते मी केलं असतं का, माहीत नाही. कदाचित केलं असतं. पण तू भानावर होतीस, सतरा नंबर. मी तुझे डोळे पाहिले. सहा वर्षांच्या मुलांच्या खोलीत हा हात मला पाठवता येणार नाही."

"बरोबर आहे, बाई," काकू म्हणाली. " मीसुद्धा नसता पाठवला."

बाईंनी सतरा नंबरावर आडवी रेघ मारली. जाता जाता काकू टेबलाला वळसा घालून गेली, बाईंच्या खुर्चीत बसली, चारेक श्वास घेतले आणि उठली. "कडक आहे," म्हणाली. बाईंनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

त्याला तीन आठवडे झाले. भाऊ जामिनावर सुटून घरी आला होता. एका सकाळी दुकानात गर्दी ओसरलेली, पिंपात दोन कोंबड्या अजून धडपडत होत्या. चिमणी आली. हातातलं प्लॅस्टर कळकट झालेलं. रक्ताच्या वासानं तिनं पदर नाकाला लावला.

"कशी आहेस?" काकूनं विचारलं.

"घरात शांतता आहे. त्याचं प्लॅस्टर सहा आठवड्यांचं. आरडाओरडा करतो, पण लांबून."

"आणि निघाल्यावर?"

"त्याच्या आत कागद हातात आला की लांबच्या शाळेवर अर्ज टाकते. राहायची खोली देतात म्हणे." मग चाचरत, "माझा शेवटचा पाठ उद्या आहे. हँड्स अप, हँड्स डाऊनच. वर्गातली पोरं फार हसतात. कुणावर तरी सराव करायचाय."

"इथे?"

"इथे."

सासू तराजूमागून म्हणाली, "घ्या! आता कोंबड्यांना इंग्रजी शिकवा."

"चिठ्ठी कुठली काढू?" काकूनं विचारलं.

चिमणीनं विचार केला. "मारकुटं मूल."

"ते काढावं लागत नाही. चल, घे."

चिमणीनं पदर नाकावरून काढला. घसा खाकरला. "स्टँड अप."

"उभीच आहे मी. पुढे."

"आपल्या भाषेत बोलायचं नाही!" चिमणी एकदम कडाडली. सासू दचकली. "हँड्स अप!"

काकू हलली नाही. ठोकळ्यासमोर तशीच, सुरी हातात.

चिमणी एक पाऊल पुढे आली. फरशी ओली होती, तिनं खाली बघितलं नाही. काकूला हात लावला नाही. आपला एक चांगला आणि एक प्लॅस्टरचा, दोन्ही जमतील तेवढे वर केले आणि काकूच्या डोळ्यांत बघत थांबली. किती तरी वेळ थांबली. पिंपातली धडपड बंद झाली.

काकूनं सुरी ठोकळ्यात रोवली आणि दोन्ही हात वर केले. कोपरापर्यंत लाल, मधलं बोट वाकडं.

"गुड," चिमणी म्हणाली. "हँड्स डाऊन."

दारात गिऱ्हाईक उभं राहिलं. "एक मोठी द्या. तंगड्या अख्ख्या ठेवा."

काकूनं हात खाली घेतले, सुरी उपटली आणि पिंपात हात घातला.